लातूरहून आलेला फोन

आमच्या घरातली एक गोष्ट घरातल्या कुणालाच ठाऊक नाही. मला सोडून. बायकोला सांगितली असती, पण हे घडलं त्याच्या आधीच ती गेली. व्यंकटराव माझा जुना मित्र, त्याला सांगावी असं कितीदा तरी वाटलं — पण तो हसला असता, आणि त्याचं ते हसणं मला सोसलं नसतं. आता तोही नाही. म्हणून तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरंच आहे. जे ओळखतात ते मला फार चांगला माणूस समजतात. खरी अडचण तिथंच आहे.

तहसील कचेरीत मी अव्वल कारकून होतो. काही वर्षं देगलूरला, बाकी सगळी उदगीरला. उभ्या नोकरीत कुणाच्या चहाला मिंधा झालो नाही की कुणाला खोटा दाखला दिला नाही. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. अजूनही इथं उदगीरच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, गेलो की एखादा आडत्या खुर्ची सरकवतो. खुर्चीवर बसताना दर वेळी मला वाटतं — यांना सांगावं का? की हा माणूस कचेरीत खरा वागला आणि घरी आल्यावर —

थांबा. आधी अर्चनाबद्दल सांगू द्या. तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय मी काय केलं त्याचं माप तुम्हाला कळायचं नाही.

अर्चना माझी सून. माहेर मुरुडचं. बी.एस्सी. गणित घेऊन, पहिल्या वर्गात. लग्नाच्या बैठकीत तिच्या वडिलांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि लगेच विचारलं की स्वयंपाक येतो का. तो प्रश्न मीच विचारला होता, हे आता आठवतं. ती म्हणाली, येतो, पण भाकरीला अजून पापुद्रा सुटत नाही. सगळे हसले. खोटं बोलून चांगलं दिसायची गरज तिला तेव्हाही वाटली नव्हती.

माझा मुलगा प्रकाश औषध कंपनीत फिरतीवर. आज निलंगा, उद्या बिदर, परवा देगलूर. म्हणजे घरात बहुतेक आम्ही तिघंच — मी, अर्चना आणि नात ऋतुजा. नवरा सतत बाहेर, सासू नाही, आणि रिटायर झालेला सासरा दिवसभर पुढच्या खोलीत ठाण मांडून. दुसरी एखादी करवादली असती. अर्चना माझ्याशी भांडायची, आणि हे मी कौतुकानं सांगतो. सकाळी पेपर आला की शब्दकोडं माझं आणि आकड्यांचं कोडं तिचं, अशी वाटणी होती. माझं आधी सुटलं तर ती म्हणायची, मामा, तुमच्या हातात दुसरं काम न्हाई. तिचं आधी सुटलं तर काही म्हणायची नाही, नुसती पेन टोपण लावून माझ्यासमोर ठेवायची.

असं घर होतं. आणि ऋतुजा पाचवीत जायची झाली.

तुम्ही आमच्या भागातले असाल तर लातूरच्या शाळांबद्दल काही सांगायला नको. नसाल तर एवढं सांगतो — इकडं मूल हुशार निघालं की आई त्याला घेऊन लातूरला खोली करते. बाप गावात राहून कमावतो, म्हातारी माणसं गावात राहून वाट बघतात, आणि आई तिकडं एका खोलीत शेगडी, पलंग आणि मुलाचं टेबल मांडून दहावी-बारावीपर्यंतची वर्षं काढते. याला कुणी दुःख म्हणत नाही. ‘सून लातूरला असते’ हे सांगताना म्हातारे उलट छाती पुढं काढतात.

व्यंकटरावही काढायचा. त्याची सून दोन पोरांना घेऊन गेली होती. त्याला खानावळीचा डबा यायचा. एकदा दुपारी मी त्याच्याकडं गेलो, तर डब्याचं झाकण काढून तो नुसता बघत बसला होता. आज काय आहे, मी विचारलं. म्हणाला, काल होतं तेच आहे, आज त्याचं नाव वेगळं आहे. दोघंही खूप हसलो. घरी येईपर्यंत मात्र माझं हसू पार आटलं होतं. त्या दिवसापासून मला भीती बसली. भीती कशाची? डब्याची? हो, डब्याची. मोठा शब्द वापरून तिला एकटेपण म्हणता येईल, पण आज मोठे शब्द नकोत.

लातूरच्या त्या खासगी शाळेत ऋतुजानं प्रवेश परीक्षा दिली. फॉर्म मी भरला. घरातलं सगळं कागदपत्रांचं काम माझ्याकडंच असे. फोन नंबरच्या चौकटीत मी माझा नंबर लिहिला. प्रकाश गाडीवर असतो, अर्चना कामात असते, मी दिवसभर घरी — सगळ्यांनाच ते बरोबर वाटलं. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. निदान मला तरी तसं वाटतं.

निकाल लागला आणि ऋतुजाचं नाव वेटिंगमध्ये आलं. अगदी वरच्या बाजूला, पण वेटिंगमध्ये.

वेटिंग ही फार वाईट गोष्ट आहे. नापास झालं तर माणूस रडून मोकळा होतो. इथं रडायचं की साखर वाटायची, तेच कळत नाही. रविवारी प्रकाश घरी आला आणि आम्ही बसलो. त्याचं म्हणणं, नांदेडला एक चांगली खासगी शाळा आहे, वसतिगृह आहे, जागा लगेच मिळते, पोरीला तिथं टाकू आणि विषय संपवू. अर्चना म्हणाली, दहा वर्षांचं लेकरू वसतिगृहात न्हाई ठेवणार. मग तो चिडला. म्हणाला, मग काय त्या शाळेच्या दारात बसून राहायचं का?

तेव्हा अर्चना जे बोलली ते माझ्या अजून ध्यानात आहे. ती म्हणाली, इथल्या शाळेत नाव घालून ठेवू आणि लातूरची वाटही बघू. तिकडची शाळा सुरू होईपर्यंत थांबायचं. त्या दिवसापर्यंत नाव आलं नाही तर मागं वळून बघायचं नाही, आणि पोरीसमोर लातूरचं नावही काढायचं नाही.

आयुष्यभर कचेरीत लोकांचे निर्णय लांबताना पाहिले होते मी. कुणी भाऊबंदासाठी लांबवायचं, कुणी साहेबासाठी, कुणी मुहूर्तासाठी. आणि ही बाई भाजीची जुडी निवडता निवडता स्वतःच्या आशेला मुदत घालून मोकळी झाली. मला तिचा फार अभिमान वाटला.

मग प्रकाश माझ्याकडं वळला. अप्पा, तुम्ही सांगा. मी म्हणालो, ती म्हणते ते खरं आहे, थांबून बघू. अर्चनानं माझ्याकडं असं पाहिलं — काय सांगू, आपल्या बाजूनं कुणीतरी आहे, असं. आणि मी ‘थांबू’ का म्हणालो होतो? नाव येणार नाही असं मला वाटत होतं, म्हणून. वेटिंगमधलं कुणाचं येतं? थांबण्यात माझं काय जात होतं?

पण नाव आलं.

दुपारची वेळ. अर्चना गच्चीवर वाळलेल्या कुरडया गोळा करत होती, ऋतुजा तिच्याबरोबर. फोन माझ्या खुर्चीजवळच्या स्टुलावर वाजला. शाळेच्या ऑफिसमधला माणूस होता, आवाज तरुण. म्हणाला, तुमच्या मुलीचं नाव लागलंय, परवापर्यंत येऊन प्रवेश घ्या, न्हाई आले तर पुढच्याला फोन करावा लागतो. येऊन राहिले ना, काका?

मी म्हणालो, आम्ही दुसरीकडं घेतलाय प्रवेश. पुढच्याला द्या.

तो म्हणाला, नक्की का?

मी म्हणालो, नक्की.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते तोंडून निसटलं. घाईत, गोंधळात, न कळता. आज तुम्हाला खरं सांगतो. ते निसटलं नव्हतं. निसटलेल्या वाक्याला असा आकार नसतो. ‘आम्ही दुसरीकडं घेतलाय प्रवेश’ — हे वाक्य माझ्याकडं तयार होतं. सकाळी फिरायला जाताना, दाढी करताना, मी ते मनाशी बोलून पाहिलं होतं. फोन आलाच तर, म्हणून. आणि विशेष म्हणजे त्यातला एकही शब्द खोटा नव्हता — इथल्या शाळेत नाव घातलेलं होतंच. कारकुनाचं खोटं असंच असतं. कागदावर तपासलं तर खरं निघतं.

अर्चना खाली आली. पदरात कुरडया, कपाळावर घाम. कुणाचा फोन, मामा? मी म्हणालो, मोबाइल कंपनीचा.

एवढंच. तिनं मान हलवली आणि आत गेली. माझ्यावर संशय घ्यावा असं तिला कधी शिकवलंच नव्हतं कुणी.

इथं संपलं असतं तरी पुरे होतं. पण एक खोटं एकटं राहत नाही. चार-सहा दिवस गेले, शाळा सुरू व्हायची वेळ आली, आणि अर्चना म्हणाली, मी एकदा लातूरला जाऊन बोर्डावर बघून येते. फोन लागला नसंल, चुकला असंल, समोर जाऊन विचारलेलं बरं. मी घाईनं म्हणालो, उन्हाचं तू कशाला, मी जातो. तिनं नको नको म्हटलं. मी आग्रह केला. आग्रह! डोक्याला उपरणं बांधून, पाण्याची बाटली घेऊन, सकाळच्या एस.टी.नं हा सासरा नातीच्या प्रवेशासाठी लातूरला निघाला. गल्लीतल्या लोकांनी पाहिलं. शेजारच्या रशीदभाईंनी त्यांच्या गादीच्या दुकानातून हात केला.

लातूरला उतरलो. शाळेच्या रस्त्याला लागलो. कोपऱ्यापर्यंत गेलो, तिथून फाटक दिसत होतं. आई-बाप, पोरं, नवीन दप्तरं. अजूनही जाऊन विचारता आलं असतं — बाबा, चूक झाली, जागा गेली का हो? कदाचित गेली नसती. हा ‘कदाचित’ मी कुणाला दाखवला नाही. मी कोपऱ्यावरून मागं फिरलो, गंजगोलाईच्या बाजारात गेलो, चहा घेतला, दुकानांच्या सावलीनं दोन फेऱ्या मारल्या आणि दुपारची गाडी धरली.

घरी येऊन सांगितलं, यादी बंद झाली.

तिनं विचारलं, आपल्या पुढं होते त्यांचा तरी नंबर लागला का? तिचं मन तसंच आहे. मी म्हणालो, कुणाचाच न्हाई लागला. ती म्हणाली, तुम्ही उगं उन्हातान्हाचं गेलात, मामा. आणि उठून तिनं तव्यावर भाकरी टाकली. गरम भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी. मी जेवलो. तुम्हाला वाटेल घास उतरला नसेल. उतरला. पोटभर जेवलो आणि मला छान झोप लागली. या सगळ्या प्रकरणात मला स्वतःची सगळ्यात जास्त लाज कशाची वाटत असेल, तर त्या झोपेची.

दुसऱ्या दिवशी तिनं लातूरला कुणालातरी फोन केला. परीक्षेच्या दिवशी तिनं शाळेजवळ एक खोली बघून ठेवली होती, हे मला माहीत होतं. शेगडी कुठं, ऋतुजाचं टेबल कुठं, हे वितीनं मोजून ठरवलं होतं तिनं. घरमालकीण बहुधा चांगली असावी, कारण बराच वेळ बोलणं चाललं. शेवटी अर्चना म्हणाली, हाव, दुसऱ्याला द्या. आवाज अगदी साधा होता. फोन ठेवून ती मोरीत कपडे धुवायला गेली, आणि त्या दिवशी धुणं नेहमीपेक्षा जास्त वेळ चाललं.

आता तुम्ही म्हणाल, समजलं. म्हाताऱ्यानं गरम भाकरीसाठी नातीची शाळा घालवली. हे वाईट आहे, पण माणसं याहून वाईट करतात.

नाही. अजून एक राहिलंय. ज्यासाठी मी इतका वेळ घुटमळतो आहे ते हेच.

परीक्षेनंतर, निकालाच्या आधी, आम्ही दोघं तूर निवडत बसलो होतो. तेव्हा अर्चनानं मला एक सांगितलं. प्रकाशलाही तिनं तोवर सांगितलं नव्हतं. लातूरला तिची कॉलेजातली मैत्रीण एका शिकवणीच्या क्लासमध्ये शिकवत होती. त्यांना गणिताला बाई हवी होती. अर्चना जाऊन त्यांना भेटली होती, फळ्यावर एक धडा शिकवून दाखवला होता, आणि त्यांनी तिला ये म्हणून सांगितलं होतं. हे सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती, सुपातल्या तुरीकडं बघत होती. म्हणाली, मामा, ऋतुजा शाळेत असंल तेवढा वेळ मी शिकवीन. इतक्या वर्षांनी खडू हातात घेतला, तर पहिल्या ओळीलाच तो तुटला. पण जमलं.

मी काय म्हणालो? म्हणालो, फार छान, फार छान.

म्हणजे फोनवर ‘पुढच्याला द्या’ म्हणताना मला हे माहीत होतं. ऋतुजाच्या जागेबरोबर मी अर्चनाची जागाही देऊन टाकतो आहे, हे ठाऊक असून मी बोललो. नात लहान होती, तिला कुठलीही शाळा शाळाच होती. तिला खरोखर काही कळलंही नाही. गेलं ते अर्चनाचं. आणि मला डब्याची भीती होती म्हणून गेलं.

पुढं काय झालं ते सांगताना मला आनंद होतो, आणि तो आनंद घ्यायचा मला काही अधिकार नाही, हे समजून ऐका.

शाळा सुरू झाली त्या दिवसानंतर अर्चनानं लातूरचं नाव काढलं नाही. मुदत म्हणजे मुदत. दिवाळीच्या सुमारास रशीदभाई त्यांच्या धाकट्या लेकीला, नाझियाला, घेऊन आले. ती दहावीला होती. म्हणाले, भाभी, ये गणित में पूरी गोल हाय, जरा बघा की. अर्चनानं बघितलं. मग नाझियाची मैत्रीण आली, मग तिचा भाऊ, मग पलीकडच्या गल्लीतली पोरं. बसायला रशीदभाईंनी उरल्यासुरल्या कापसाच्या लांबलचक गाद्या शिवून दिल्या. फळा नव्हता. अर्चनानं पुढच्या खोलीतलं लोखंडी कपाट फिरवून भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि त्याच्या पाठीला काळा रंग दिला. त्या कपाटात माझे कपडे होते. शिकवणी संपेपर्यंत ते कैदेत. एकदा मला एका लग्नाला अंगावरच्या चुरगळलेल्या सदऱ्यात जावं लागलं. कुरकुर केली तर म्हणाली, मामा, आज अपूर्णांक आहेत, पूर्ण कपडे उद्या.

ती कसं शिकवायची, हे मी पलीकडच्या खोलीतून वर्षानुवर्षं ऐकलं आहे. पोरानं उत्तर आणून दाखवलं आणि ‘बरोबर आहे का बाई’ विचारलं, की ती सांगायचीच नाही. म्हणायची, तुला काय वाटतं? आणि वरणाला फोडणी द्यायला आत निघून जायची. मागं पोरं आपसात भांडायची — तुझं कसं चुकलं, माझं कसं बरोबर. फोडणीचा वास येईपर्यंत निम्म्यांना आपली चूक आपल्याला सापडलेली असायची. परत येऊन ती फक्त विचारायची, ठरलं का? मी कचेरीत इतके साहेब पाहिले. उत्तर माहीत असून गप्प बसण्याची ताकद एकातही पाहिली नाही.

नाझिया पास झाली, चांगली झाली, पुढं शिकली, लातूरला लग्न होऊन गेली. अशी कितीतरी. ऋतुजाही याच गाद्यांवर बसून शिकली. आता ती नांदेडला इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीला येते तेव्हा आईशी आकड्यांच्या कोड्यावरून भांडते. लोक म्हणतात, बघा, लातूरला न जाता सगळं कसं छान झालं. मी हे वाक्य फार काळ अंगाखाली गादीसारखं घेऊन झोपलो. पण ते माझं नाही. छान झालं ते अर्चनानं केलं. मी ज्या जमिनीवर तिला ढकललं तिथं ती उभी राहिली, म्हणून ढकलणाऱ्याला श्रेय मिळत नाही. आणि लातूरला ती काय झाली असती — हे कुणाला ठाऊक? ते पाहायची संधी मीच कापली. आमच्या पुढच्या खोलीत जी इतकी वाढली, ती तिथल्या मोकळ्या वर्गात किती वाढली असती?

या उन्हाळ्यात नाझिया माहेरी आली होती, तिच्या छोट्या मुलीला घेऊन. मुलगी पहिलीत जाणार. लातूरच्या एका खासगी शाळेत तिचं नाव वेटिंगमध्ये. नवरा म्हणतो सोडून दे, सासू म्हणते थांब, नाझियाला काही सुचेना. ती बाईंना विचारायला आली. अर्चनानं तिला तेच सांगितलं — एक शाळा हातात ठेव, मुदत तू स्वतः ठरव, आणि फोनवर विसंबू नको, समोर जाऊन विचार. मग माझ्याकडं हात करून म्हणाली, आमच्या वेळी मामा भर उन्हात लातूरला गेले होते, ऋतुजासाठी. असं कोण करतं?

नाझियानं माझ्याकडं आदरानं पाहिलं. म्हणाली, सच्ची, आबा?

तेव्हा सांगता आलं असतं. दोघी समोर होत्या, दार उघडं होतं. मी म्हणालो, हाव, जावं लागतं.

म्हणजे मी ते पुन्हा केलं. या वयात, डोळ्यांवर मोतीबिंदूची दोन ऑपरेशनं झालेली असताना.

काही आठवड्यांनी नाझिया परत आली. हसत होती. जागा आली बाई, म्हणाली, पण मीच नको म्हणलं. घराजवळच्या शाळेत जाऊन बघितलं, तिथल्या बाई लई बऱ्या वाटल्या. त्या वेटिंगवाल्या शाळेला सांगितलं, पुढच्याला द्या.

मी पलंगावर पडून ऐकत होतो. तेच शब्द. अगदी तेच.

अर्चना म्हणाली, तू ठरवलंस ना? मग झालं.

नाझियानं सहज विचारलं, बाई, ऋतुजाचा नंबर लागला असता तर तुम्ही गेला असता का?

अर्चना म्हणाली, काय माहीत गं. कदाचित गेले असते. कदाचित मामांना एकटं टाकून पाय निघाला नसता. लागला असता तर कळलं असतं.

इतकी वर्षं मी समजत होतो की मी एक जागा घालवली. शाळेतली एक, क्लासमधली एक. दोन धरा. त्या दिवशी कळलं, जागा ही लहान गोष्ट होती. नाझियानं तर हातची जागा परत केली आणि हसत आली. तिनं स्वतः परत केली म्हणून. अर्चनाही कदाचित राहिली असती — माझ्यासाठी, स्वतःहून, मला न सांगता. मी तिला विचारलं असतं तर ज्या भाकरीसाठी मी चोरी केली ती तिनं कदाचित आपण होऊन वाढली असती. मी विचारलं नाही. तिनं काय ठरवलं असतं, हे तिला स्वतःलाही कधी कळणार नाही, अशी व्यवस्था मी केली.

तर नोंद सरळ करतो. ऋतुजाचा नंबर लागला होता. शाळेचा फोन आला होता. तो मी घेतला आणि अर्चनाला न विचारता जागा परत केली. लातूरच्या शाळेत मी कधी गेलोच नाही. अर्चनाला तिथं काम मिळणार होतं, हे मला माहीत होतं. प्रकाशला यातलं काही ठाऊक नव्हतं, त्याचा काही दोष नाही.

हे लिहून झालं की मी पहिल्यांदा अर्चनाला वाचायला देणार आहे. आता ती आत आहे, शिकवणीची पोरं यायला अजून वेळ आहे. वाचून ती काय म्हणेल, हे मी मनाशी कितीदा तरी बोलून पाहिलं, आणि मग थांबवलं. तिच्या वतीनं उत्तर तयार करायची माझी सवय जुनी आहे. हे छापायचं की फाडायचं, माझ्याशी बोलायचं की नाही, या घरात मला कसं ठेवायचं — सगळं ती ठरवेल.